कुत्र्याची जात आणि घराचा विमा

अमेरिकेंत घराचा विमा केवळ आगीपुरता नसतो. पाळीव कुत्रें कोणास चावल्यास द्यावी लागणारी भरपाईहि सामान्यतः त्यांत येते, बहुधा १ ते ३ लक्ष डॉलरपर्यंत. म्हणून कित्येक कंपन्या पिटबुल, रॉटवायलर अशा जातींचें नांव ऐकतांच विमा नाकारतात, आणि घर कीं कुत्रें, असा प्रसंग कुटुंबावर येतो. न्यूयॉर्क राज्यानें २०२१ सालीं कायदा करून केवळ जातीवरून नकार देण्यास बंदी घातली. मात्र एखादें कुत्रें कायद्यानें धोकादायक ठरलें असल्यास गोष्ट वेगळी. न्याय्य कसोटी हीच. जेथें असा कायदा नाहीं, तेथेंहि मालकानें जात लपवूं नये. लपविलेली गोष्ट नेमकी भरपाईच्या वेळीं उघडकीस येते. कुत्रें आणण्यापूर्वींच कंपनीस लेखी विचारावें. नकार आल्यास कुत्र्यापुरता स्वतंत्र विमा शोधावा.