कवच फोडायचं कसं?



पावसाळ्यात सकाळी वरसाव्याला या. कुंपणाच्या भिंतींवर, पपईच्या खोडांवर मुठीएवढ्या गोगलगायी चिकटलेल्या दिसतील. या मूळच्या आफ्रिकेच्या. १८४७ मध्ये कुणी हौसेनं कोलकात्याला आणल्या आणि पुढे देशभर पसरल्या. गावाच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. सापांना तोटा नाही. तरी या मेजवानीला एकही साप हात लावत नाही. आता सापाला हात नसतात, हीच तर खरी अडचण!

केवळ गोगलगायींवर जगणारे साप जगात आहेत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत त्यांच्या कितीतरी जाती. पनामातल्या एका जातीला तर २०२३ मध्ये नट लिओनार्डो डिकॅप्रिओनं आपल्या आईचं नाव दिलं. आईंना ते कसं वाटलं असेल कोण जाणे! आपल्या ईशान्य भारतातही असे साप आहेत. ते शंख फोडत नाहीत. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीनं हलवत आतलं मांस ओढून काढतात. बहुतेक शंख उजवीकडे वळलेले, म्हणून जपानच्या इशिगाकी बेटावरच्या सापाला उजवीकडे पंचवीसेक दात आणि डावीकडे अठराच्या आसपास. डावखुरी गोगलगाय भेटली की त्याची पकड सुटते, आणि ती वाचते.

आपल्या मुंबईच्या भागात असा साप नाही. पण कवचाचं कोडं आपल्या खाजणातल्या एका सापानं वेगळ्या रीतीनं सोडवलं आहे. जेरार्डचा पाणसाप त्याचं नाव. मुंबईच्या किनाऱ्यावर त्याची नोंद आहे; चिखलात राहणारा, रात्री फिरणारा, माणसाला निरुपद्रवी. हा चिंबोऱ्या खातो, पण नुकतीच कात टाकलेल्या. नवं कवच कडक व्हायच्या आत तो तिला गाठतो, अंगाचा वेढा घालतो आणि त्या वेढ्यातून ओढून तिचे तुकडे करतो. साप भक्ष्य अख्खंच गिळतो, असं आपण शाळेत शिकलो. सिंगापूरच्या खाजणातल्या या सापांनी २००२ मध्ये तो धडा खोटा पाडला.

बाजारात चिंबोरी घेताना आपण कवच दाबून बघतो आणि मऊ लागली की परत पाटीत टाकतो. या गिऱ्हाइकाला नेमकी तीच हवी असते.