दुसऱ्या श्रेणीची चढण
हर्सूलच्या मैदानांवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनो, हे खास तुमच्यासाठी. फ्रान्समधली ‘लीग २’ म्हणजे तिथली दुसरी श्रेणी. आता तिथे १८ संघ, प्रत्येकाचे ३४ सामने; पहिले दोघे थेट वरच्या श्रेणीत. आपल्याकडे मुंबई एफसीने अशीच चढण चढली. २००७मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने २००८मध्येच आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगची, द्वितीय श्रेणी जिंकली! कूपरेज हे त्याचे घरचे मैदान होते. २०१६-१७च्या हंगामात मात्र तो तळाला राहिला, पुढे क्लबच बंद पडला. घसरण खरी महाग पडते ती अशी: प्रायोजक आटतात, खेळाडूंचे पगार थांबत नाहीत. पुढे आय-लीगच देशाची दुसरी श्रेणी झाली. २०२३मध्ये ती जिंकून पंजाबचा संघ वरच्या श्रेणीत, म्हणजे आयएसएलमध्ये, पोहोचला.