भूगोल घेऊन काय करणार?

मी भिलाईहून बोलतोय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शेजारचे गृहस्थ संध्याकाळी मुलीला घेऊन घरी आले. बारावीचा निकाल लागलेला, मुलीला बरे मार्क मिळालेले, आणि तरी घरात तीन दिवस अबोला. मुलीला भूगोलात पदवी करायची होती. वडील म्हणाले, "कर्नलसाहेब, तुम्हीच समजवा हिला. भूगोल घेऊन काय करणार? राजधान्या पाठ करणार?" मुलगी एवढंच म्हणाली, "काका, बाबांना एकदा ऐकून तरी घ्यायला सांगा."

मी त्या दिवशी काही सल्ला दिला नाही. मी बी.कॉम. करून फौजेत गेलेला माणूस. मलाच नीट माहिती नव्हती. मग नियम वाचले, शिकवणाऱ्या मंडळींशी बोललो. जे कळलं ते आज सांगतो. मुलांनो, तुम्ही ऐकाच, पण आई-वडिलांनाही शेजारी बसवा.

आधी हा विषय आहे तरी काय? माझे हे शेजारी तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये होते. मी त्यांना विचारलं, "प्लांट इथेच का आला?" ते म्हणाले, "सरकारने ठरवलं म्हणून." ते खरंच आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. पण जागा दुर्गजवळचीच का? लोहखनिज दक्षिणेला दल्ली-राजहऱ्यात. चुनखडी इथून जवळच, नंदिनीला. मँगनीज बालाघाट-भंडाऱ्याच्या पट्ट्यात. कोळसा झरिया आणि कोरब्याकडून. पाणी तांदुळा धरणाच्या कालव्याचं. आणि या सगळ्याला जोडणारी मुंबई-हावडा रेल्वे आधीपासूनच दाराशी. हे सगळं एका कागदावर मांडून पाहिलं, की त्याला भूगोल म्हणतात.

आणि हे काही जुनं झालेलं नाही. राजहऱ्याचं चांगलं खनिज संपत आलं, म्हणून रावघाटच्या खाणी आणि तिकडे जाणारी रेल्वे. तिथे जंगल आहे, आदिवासी गावं आहेत, पाणलोट आहे. खनिज काढायचं तर कुठून, किती, कोणाची काय किंमत मोजून, हा प्रश्न आजचा आहे. गृहस्थ जरा गप्प झाले. मग स्वतःच खनिजाच्या वाघिणी कशा यायच्या ते सांगायला लागले. मुलगी माझ्याकडे बघून हसली.

आता प्रवेशाचं. बहुतेक विद्यापीठांत बी.ए. भूगोलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. बारावीत भूगोल असलाच पाहिजे अशी अट सहसा नसते. बी.एस्सी. भूगोल काही मोजक्या कॉलेजांत आहे, आणि त्यासाठी बहुधा बारावी सायन्स लागते. बिलासपूरचं गुरू घासीदास विद्यापीठ केंद्रीय आहे, त्यामुळे तिथे सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या खूप आधी भरायचे असतात. निकालानंतर जागं होणाऱ्यांची ही गाडी चुकते.

अभ्यासक्रमाची रचना नव्या शैक्षणिक धोरणाने बदलली आहे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांची पदवी म्हणजे किमान १२० क्रेडिट, चार वर्षांची ऑनर्स म्हणजे १६०. तीन वर्षांच्या १२० पैकी निदान ६० मुख्य विषयाची, म्हणजे मेजरची, आणि २४ दुय्यम विषयाची, म्हणजे मायनरची. उरलेल्यांत भाषा, कौशल्याचे विषय, इतर शाखांचे विषय आणि इंटर्नशिप. विद्यापीठागणिक थोडा फरक असतो, पण सांगाडा हाच. मध्येच सोडावं लागलं तर एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा मिळतो, मात्र त्यासाठी उन्हाळ्यात ४ क्रेडिटचं व्यावसायिक काम जास्तीचं करावं लागतं.

चौथं वर्ष करायचं का? पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील, तर संशोधनासह ऑनर्स करता येतं. त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.ए. न करता पीएचडीच्या प्रवेशासाठी पात्र धरतात. संशोधनात जायचं नसेल, तर तीन वर्षं करून पुढे सरकणं वाईट नाही.

मेजरमध्ये भूरूपशास्त्र, हवामान, मानवी आणि आर्थिक भूगोल, भारताचा भूगोल, नकाशाशास्त्र, संख्याशास्त्रीय पद्धती, दूरसंवेदन आणि जीआयएस असं सगळं येतं. यात प्रात्यक्षिकं आहेत, क्षेत्रभेट आहे. एका क्रेडिटला तासिका १५ तासांच्या, तर प्रात्यक्षिक ३० तासांचं. म्हणजे 'आर्ट्स आहे, आरामात होईल' असं समजून येऊ नका.

आता माझा मुख्य मुद्दा. भूगोल चांगला की वाईट, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही मायनर कोणता घेता आणि हाताला कोणतं काम शिकवता, यावर ही पदवी उभी राहते किंवा पडते. आणि यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे मायनर पहिल्या वर्षाच्या शेवटी निवडता येतो. तेव्हा बहुतेक मुलं मैत्रिणीने घेतला म्हणून घेतात.

शिक्षक व्हायचंय? केंद्रीय विद्यालयात सामाजिक शास्त्राचा शिक्षक होण्यासाठी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीला लागतात, त्यांत एक इतिहास किंवा भूगोल हवाच. मग मायनर या यादीतलाच घ्या, आणि पुढे बी.एड. करा. अकरावी-बारावीला शिकवायचं तर भूगोलात एम.ए. लागेल.

लोकसंख्येच्या अभ्यासाकडे ओढा आहे? मुंबईत देवनारला १९५६ पासूनची लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिकडे जायचं तर अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र मायनर कामी येईल. शहर नियोजनात जायचं असेल, तर भूगोलाच्या एम.ए. नंतर एम.प्लॅनची वाट उघडते.

नकाशे आणि उपग्रहचित्रं आवडतात? मग संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र. पुण्यात सिम्बायोसिसची जिओइन्फॉर्मेटिक्स संस्था आहे, डेहराडूनला आयआयआरएस आहे. या क्षेत्रात खाजगी काम वाढतंय, कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने नकाशे बनवण्यावरचे निर्बंध बरेचसे सैल केले.

लोकसेवा आयोगात भूगोल हा लोकप्रिय ऐच्छिक विषय आहे. दोन पेपर, मिळून ५०० गुण. पण तेवढ्यासाठीच पदवी घेणार असाल तर दुसरी वाट आधी पक्की करा. आणि फौज? आयएमए आणि ओटीएला कुठल्याही शाखेची पदवी चालते. भूगोलवाल्याला तिथे मॅप रीडिंगचा पहिला तास सोपा जाईल, एवढं मी खात्रीने सांगतो.

दोन दारं मात्र बंद असू शकतात, ती आधीच सांगतो. भूगोल आणि भूगर्भशास्त्र एक नव्हे. जिऑलॉजिकल सर्व्हेत भूवैज्ञानिक व्हायचं तर भूगर्भशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. आणि भारतीय वन सेवेच्या पात्र विषयांच्या यादीत भूगोल नाही. भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र, गणित, संख्याशास्त्र असे विषय त्यात आहेत. जंगल आवडतं म्हणून भूगोल घेतला आणि तिसऱ्या वर्षी हे कळलं, तर फार उशीर झालेला असतो.

कॉलेज निवडताना जाहिरात पाहू नका, विभागात जा. विचारा: कायमचे शिक्षक किती? जीआयएसच्या लॅबमधले संगणक चालू आहेत का? क्षेत्रभेट गेल्या वर्षी कुठे गेली होती? मायनरमध्ये खरोखर कोणते विषय शिकवले जातात? शेवटच्या प्रश्नाला 'बघू, ॲडजस्ट होईल' असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा.

लॅब नसलेल्या कॉलेजातच जावं लागलं, तरी हात बांधून बसू नका. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सर्व्हे ऑफ इंडिया, म्हणजे १७६७ पासूनचं आपलं खातं, ५०,००० प्रमाणाचे नकाशे आपल्या पोर्टलवर देतं. इस्रोचं भुवन आहे. आयआयआरएसचे मोफत ऑनलाइन कोर्स आहेत. आपल्या गावाची तळी, नाले, पिकं यांचा नकाशा स्वतः करा. मुलाखतीला तो घेऊन जा. मार्कशीट सगळ्यांकडेच असते.

शेवटी स्वतःचं एक सांगतो. लेफ्टनंट असताना एका रात्रीच्या मार्चमध्ये प्लाटून माझ्या मागे होती. नकाशावर समोच्च रेषांचा बाक बघून मी ती डोंगराची सोंड समजलो. ती घळ होती. रेषा त्याच असतात. चढ कुठल्या बाजूला आहे हे आकडे वाचून ठरवायचं असतं, आणि घाईत मी आकडे वाचले नाहीत. माझ्या विश्वासावर तीस जवान अंधारात घळीत उतरले. पहाटेपर्यंत अडकलो. एका जवानाचा घोटा मोडला. तो मला काहीच बोलला नाही, आणि म्हणूनच ते मी आजवर विसरलेलो नाही.

तेव्हापासून भूगोल म्हणजे राजधान्या असं कोणी म्हटलं की मला तो घोटा आठवतो. नकाशा वाचणाऱ्याच्या मागे माणसं चालत असतात. धरण कुठे बांधायचं, वस्ती कुठून हलवायची, पुराचं पाणी कुठवर येईल, हे ठरवणाऱ्यांत आकडे नीट वाचणारं कोणीतरी हवं.

त्या मुलीने भूगोल मेजर आणि अर्थशास्त्र मायनर घेतलं. परवा तिच्या बाबांनी मला गेटपाशी अडवलं. हातात मोबाईल, त्यावर नकाशा. म्हणाले, "कर्नलसाहेब, आपलं भिलाई ६४ जी मध्ये येतं, माहीत आहे का तुम्हाला?"

म्हटलं, "माहीत आहे. पण तुम्ही सांगा, मी ऐकतो."

जय हिंद.