जुन्या मोटारीची कुरकुर

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसडर बाहेर पडणे तर २०१४ सालीच थांबले होते. तरीही या गाड्या घरातील वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे जपणारी मंडळी देशभर आढळतात, आणि त्यांच्या तोंडी दोन तक्रारी हमखास असतात : गाडी ‘स्लो’ला बंद पडते आणि तिला ‘पिकअप’ नाही. सिग्नलपाशी विझणारी गाडी मनस्ताप देते. परंतु घाटात, मागून मालमोटार येत असता अडखळणारी गाडी जिवावर बेतू शकते.

अशा वेळी पहिला हात जातो तो कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे, आणि घोटाळ्याचा आरंभ बहुधा तेथेच होतो. रोग कोठे आहे हे न पाहता दिलेले औषध मूळ लक्षणच झाकून टाकते. म्हणून गाडी केव्हा कुरकुरते हे आधी ऐकावे.

एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. गाडी उभी असता हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि आत जाणारी हवा अगदी थोडी असते. त्यामुळे कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधील केसाएवढी फटही त्या वेळी सारे प्रमाण बिघडवते. वेग घेताच मात्र तीच फट नगण्य ठरते. केवळ स्लोला होणारा त्रास म्हणूनच प्रथम दोन गोष्टींकडे बोट दाखवतो : स्लो जेटमध्ये अडकलेला कचरा आणि चोरवाटेने शिरणारी हवा. इंजिन चालू ठेवून सांध्यावर साबणाचे पाणी थेंबाथेंबाने सोडावे. आवाज पालटला की फट सापडली. याच कामासाठी पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

पिकअपची गोष्ट निराळी. पाय दाबताच हवा तत्काळ धावते, जड पेट्रोल मात्र क्षणभर मागे राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक कार्ब्युरेटरांत एक छोटा पंप असतो. इंजिन बंद व थंड असता एअर क्लीनर काढून ॲक्सिलरेटरची दांडी हलवावी. आत पेट्रोलची बारीक धार दिसली नाही तर दोष त्या पंपाचा. मॉरिस मायनरच्या एस. यू. कार्ब्युरेटरात असा पंपच नसतो. तेथे वर उचलल्या जाणाऱ्या पिस्टनला थोडेसे तेल आवरून धरते व मिश्रण क्षणभर दाट ठेवते. ते तेल संपले की गाडी हिसके देते. आणि चमचाभर तेलाच्या अभावी अख्खा कार्ब्युरेटर बदलण्याची पाळी येते.

दोन्ही तक्रारी एकदमच उद्भवल्या, तर पेट्रोलची वाटणारी खोड पुष्कळदा विजेची निघते. झिजलेले पॉइंट, थकलेला कंडेन्सर, काजळलेले प्लग हे नित्याचे अपराधी. डिस्ट्रिब्युटरच्या अंगचा पातळ पडदा फाटला तर तो एकाच वेळी हवाही आत सोडतो आणि ठिणगीची वेळही चुकवतो. त्याची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडाने ओढून पाहावी. ओढ टिकली नाही तर पडदा गेला असे समजावे. प्लगही बोलके असतात : फिकट तपकिरी रंग निरोगी, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट कोरडेपणा म्हणजे बहुधा ते कमी.

यात अलीकडे एका नव्या कारणाची भर पडली आहे. २०२५ पासून देशातील पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. त्यातील प्राणवायूमुळे जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण विरळ होते, आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे त्याला पुरे पडत नाहीत. कालपर्यंत शहाण्यासारखी वागणारी गाडी आज हट्ट करू लागली, तर दोष नेहमी तिच्या वयाचाच नसतो.

तेव्हा क्रम ठरलेला असावा : आधी हवा, मग वीज, त्यानंतर पेट्रोल आणि सर्वांत शेवटी स्क्रू. तो फिरवण्यापूर्वी किती फेऱ्यांवर होता हे कागदावर टिपावे, आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गाडी सुधारलीच, तरी कशाने सुधारली हे कधीच कळत नाही; आणि कारण न कळता गेलेला दोष पुढच्या घाटात पुन्हा भेटल्यावाचून राहत नाही.