"पूरा नाम क्या बताया?"

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भोगलाय: भाड्याचं घर.

मी राहतो भाईंदर पूर्वेला, खारीगावात. दिवसभर कोड लिहितो, वकील नाही, हे आधीच सांगतो. मागच्या वर्षी माझा एक मित्र, मूळचा नांदेडचा, आमच्याच बाजूला वन बीएचके बघायला आला. घर पसंत पडलं, भाडं ठरलं, डिपॉझिटचंही बोलणं झालं. मग एजंटने सहज विचारलं, "पूरा नाम क्या बताया?" मित्राने आडनाव सांगितलं. संध्याकाळी मेसेज: "सोसायटी मना कर रही है."

मी चिडून वाचायला बसलो. मला वाटत होतं, घटनेत कलम १५ आहे, संपला विषय! पण त्यात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. फ्लॅटचं नाव नाही. उलट २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा 'सभासद फक्त पारशी' हा नियम वैध ठरवला. हे वाचून मी लॅपटॉपच बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी परत उघडला, आणि कामाचं सापडलं. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा तिथे राहण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. कलम ४. म्हणजे मित्राच्या बाबतीत कायदा गप्प नाहीये. पण हेच धर्मावरून झालं, किंवा "नॉनव्हेज नको" म्हणून झालं, तर भाडेकरूसाठी असं थेट कलम नाही. मीरा रोडला घर शोधणाऱ्या मुस्लिम मित्रांना विचारा.

अजून एक. "सोसायटी मना कर रही है" हे वाक्यच तपासा. आदर्श उपविधींप्रमाणे मालकाने घर भाड्याने देताना सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. आणि तुम्ही घर विकत घेत असाल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० बघा. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर निबंधकाकडे अपील. अर्ज देऊन तीन महिने काहीच कळवलं नाही, तर तुम्ही सभासद झालात असं कायदा मानतो. म्हणून अर्जाची पोच घ्या, तारखेसकट!

भाड्यात घोळ असा की नकार नेहमी फोनवर येतो. पुरावा शून्य. मी मित्राला म्हटलं, एजंटला कारण लिहून विचार. त्याने विचारलं. उत्तर आलं, "रूम गया भाई."

तक्रार करू म्हणालो, तर तो म्हणाला, "तू करशील रे, पण महिनाअखेर बॅगा मला हलवायच्यात." आता नालासोपाऱ्याला राहतो, रोज विरार लोकलने येतो. ती रूम त्यानंतर दोन महिने रिकामीच होती. मला गॅलरीतून दिसायची.