गाडीचे प्लग मी बदलले
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा मीही चार शब्द बोलावे असे सेक्रेटरीबाईंनी सुचविले, तेव्हा मी लोणच्यावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी विषय सांगताच त्या हसल्या. पण "बोला" म्हणाल्या, म्हणून उभी आहे.

आमची मारुती 1998 सालची. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, विकून टाक." मी विकली नाही. अकोल्याला माझी आई एकटी असते, वय 84. दर बुधवारी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करीत मी तिच्याकडे जाते. एसटी आहे, रेल्वे आहे, सारे खरे. पण आईला दवाखान्यात न्यायचे तर दाराशी गाडी लागते.

गेल्या चैत्रात गाडी आचके देऊ लागली. चढावर दम लागल्यासारखी थांबे. एका कारागिराने बॉनेटही नीट न उघडता सांगितले, "इंजन खोला लागते, बाई." आकडा ऐकून मी घरी आले. दोन बुधवार चुकले. तिसऱ्या बुधवारी आईचा फोन आला, "येऊन नाही राह्यली काय वं?" त्या संध्याकाळी गाडीच्या कप्प्यात ह्यांनी जपून ठेवलेली पुस्तिका काढली आणि चष्मा लावून बसले.

प्लग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते. प्लगच्या टोकाशी दोन धातूंमध्ये बारीक फट असते, तिच्यातून हजारो व्होल्टची ठिणगी उडते आणि ते मिश्रण पेटते. दोन फेऱ्यांना एक ठिणगी. मिनिटाला 3000 फेरे धरले तर एकेक प्लग 1500 वेळा पेटवतो, म्हणजे अकोल्याच्या दोन तासांत 1,80,000 वेळा. आपल्या चुलीला एवढी फुंकर कोणी घातली असती?

आमच्या गाडीला सिलिंडर तीन, म्हणून प्लग तीन. इंजिन रात्रभर थंड होऊ दिले, किल्ली काढून पदराला बांधली. गरम इंजिनात प्लग काढू नये, आटे बिघडतात. आपल्याकडची काळी धूळ प्लगच्या खळग्यात हमखास साचलेली असते. प्लग काढताच ती आत पडते. मी सायकलचा पंप मारून ती उडवली. नंतर रबरी टोपी धरून ओढली. वायर धरून ओढू नका, आतून तुटते. प्लगपाना नळीसारखा असतो. गाडीप्रमाणे 16 किंवा 21 मिलिमीटरचा.

पहिला प्लग फिक्कट तपकिरी निघाला, म्हणजे ठणठणीत. दुसरा ओला, पेट्रोलचा वास येणारा, आणि त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर. ठिणगी त्या चिरेतून भलतीकडे पळत होती आणि पेट्रोल न जळता राहत होते. एवढ्याशा चिरेसाठी इंजिन उघडायला निघाले होते! (कोरडा काळा प्लग दिसला तर आधी हवेची जाळी पाहावी; तेलकट दिसला तर मात्र जाणत्याकडे जावे.)

नव्या प्लगची फट पुस्तिकेतल्या मापाशी फिलर गेजने ताडून पाहिली. मग प्लग आधी हातानेच फिरवला. बरणीचे झाकण तिरके बसले की आपल्या बोटांना कळते ना, तसेच इथे कळते. अडला तर जोर करायचा नाही, उलटा फिरवून पुन्हा लावायचा. टेकला की पान्याने अर्धा फेरा, फार तर त्याहून किंचित जास्त. त्यापुढे ताकद दाखवली की आटे गेलेच.

आता माझी फजिती. एकावेळी एकच वायर काढावी, असे पुस्तिकेत होते. मी घाईने दोन काढल्या होत्या. किल्ली फिरवताच असा फटाका वाजला की समोरच्या काकू कणकेच्या हातांनी अंगणात आल्या. "काय करून राह्यली वं तू?" मी पायरीवर बसले. रडू येत होते. मग ध्यानात आले, काढल्या दोनच, तर अदलाबदलही एकच शक्य. वायरी फिरवल्या, टोप्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. गाडी सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालू लागली. काकूंनी कणीक तशीच ठेवून चौकापर्यंत फेरी मारली.

जर्मनीत बेर्था बेंझ नावाच्या बाईने ऑगस्ट 1888 मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला नेली. अंतर शंभरेक किलोमीटर, आपल्या अकोल्याएवढेच. वाटेत तुंबलेली पेट्रोलची नळी तिने टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ठिणगीच्या वायरीला मोज्याचा पट्टा गुंडाळला. तिला रस्ता कसला मिळाला असेल! आपल्याला तर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात गेलेला रस्ता आहे.

पुढच्या बुधवारी मी अकोल्यास पोचले. आईने माझी काळी नखे पाहिली, काही बोलली नाही, रिठ्याचे पाणी आणून दिले.

माझा प्लगपाना आणि फिलर गेज मंडळाच्या कपाटात, शिलाईच्या डब्याशेजारी ठेवले आहेत. नेणारीने वहीत नाव लिहावे आणि पुसून परत ठेवावे. वायरींना नंबरच्या चिठ्ठ्या मात्र आधी चिकटवा.