केसांचा रंग आणि कामाची शिस्त

‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,’ असे आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणतात. पिकलेला केस ही अनुभवाची साक्ष, हा त्यातला भाव. परंतु हीच साक्ष आता कोठे कोठे नोकरीच्या आड येऊ लागली आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाने विमानातील सेवकवर्गासाठी केलेले नीटनेटकेपणाचे नियम वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. पांढरे केस नकोत, ते नियमितपणे नैसर्गिक छटेत रंगवावेत. मात्र मेंदी नको आणि भडक रंगही नकोत, असे त्यांत होते. म्हणजे एका रंगाची बंदी आणि दुसऱ्याची सक्ती!

जपानमधील ओसाका येथे, आपले केस जन्मतःच पिंगट आहेत असे सांगणाऱ्या एका विद्यार्थिनीला शाळेने ते काळे करावयास वारंवार सांगितले. २०१७ साली तिने दावा लावला. २०२१ मध्ये, वर्गाच्या यादीतून तिचे नाव वगळल्याबद्दल तिला भरपाई मिळाली. नियम मात्र न्यायालयाने वाजवी मानला. मी शिक्षक आहे. गणवेशाचा आग्रह मीही धरतो. पण गणवेश संध्याकाळी खुंटीला टांगता येतो, केस टांगता येत नाहीत.

शिवाय कलप सर्वांनाच सोसतो असे नाही. अनेक काळ्या कलपांतील पॅराफेनिलिनडायअमिन या द्रव्याने काहींच्या टाळूला खाज सुटते, चेहरा सुजतो. म्हणूनच थोडा कलप त्वचेवर लावून ४८ तास वाट पाहावी, अशी सूचना असते. ज्याला तो सोसत नाही, त्याने नोकरी सोडावी काय?

मग नियमच नकोत काय? अवश्य हवेत. स्वयंपाकघरात केस झाकलेले असावेत, यंत्राजवळ घट्ट बांधलेले असावेत, सर्वत्र स्वच्छ असावेत. यांचे कारण कोणालाही पटेल. रंगाविषयी नियम करावयाचाच झाला, तर चालकांनी आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. यावाचून कामाचे काय अडते? स्त्री आणि पुरुष, शिपाई आणि साहेब, सर्वांना तो सारखाच लागू आहे काय? आणि नेमणुकीपूर्वी तो लेखी सांगितला होता काय? याची उत्तरे देता येत नसतील, तर तो नियम शिस्तीचा नव्हे, केवळ आवडीनिवडीचा होय.

तरुण कारकुनाची निळी बट आपल्या डोळ्यांना खुपते. माझ्याही खुपते. परंतु आपल्याला खुपणे हे काही कारण नव्हे. त्याने लिहिलेली खतावणी बिनचूक असेल, तर त्याची बट त्याच्यापाशी राहू द्यावी. आणि पिकल्या केसांच्या माणसाला त्याचे पिकलेपण मानाने मिरवू द्यावे.